ओली जीन्स आणि सेक्रेटरी काका

सकाळी लिफ्टमध्ये दमट जीन्स घालून उभा होतो. डोंबिवली, जुलै, दुसरी जीन्स याहून ओली, त्यामुळे इलाज नव्हता. बाहेरून बरी दिसते हो, पण कमरेपाशी आणि खिशांच्या आत ओल असते आणि तो कुबट वास. तिसऱ्या मजल्यावर सेक्रेटरी काका आत आले. रिटायर्ड केमिस्ट्रीचे सर. दोनदा नाक ओढलं, खाली बघितलं आणि भरल्या लिफ्टमध्ये विचारलं, "काय हो, वाळली नाही वाटतं?"

शाळेत निघालेली पोरं फिदीफिदी हसली.

"ऊनच नाही ना काका."

"ऊन कशाला पाहिजे? शंभर डिग्री उकळायला लागतात, वाळायला नाही. सगळे रेणू एका स्पीडने धावतात का? पृष्ठभागावरचा एखादा जोरात असला की बाकीच्यांच्या ओढीतून सुटतो आणि हवेत पळतो."

"मग माझे का पळत नाहीत?"

"पळतात की! पण हवेतलेही परत येतात." तळमजला आला, दार उघडलं, तर काकांनी दारातच पाय अडवून ठेवला. बोटात किल्ल्यांचा जुडगा गरगर फिरतोय. "गणपतीत चार पाहुणे उठले की चार नवे येतात, घर रिकामं होतं का? हवेत आधीच वाफ खच्चून भरली की तसंच. आणि आधी कोण उठतं? ज्यांच्यात दम आहे ते, त्यांना अजून दहा घरं करायची असतात. मागे उरतात सुस्त. म्हणजे सरासरी जोर घटला, म्हणजेच तापमान घटलं. म्हणून ओला कपडा गार लागतो."

गार लागत होताच. कुठे ते सांगत नाही.

बरं, चूक काहीच नव्हतं, हाच तर वैताग. नागपूरला मामाकडे मे महिन्यात टॉवेल दोरीवर टाकून आत येईस्तोवर वाळायला लागतो, कारण हवा कोरडी, गेलेले रेणू फारसे परतत नाहीत. त्याच जोरावर तिकडे कूलर चालतो. मामाने तोच कूलर प्रेमाने आम्हाला पाठवला, तर तो इथे फक्त दमट वारा मारतो आणि गाद्यांनाही वास येतो. आणि अंगावर वाळवायचं म्हणाल तर पाव लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे 600 किलोज्यूल लागतात, दीडशेच्या आसपास कॅलरी, त्यातल्या बऱ्याचशा माझ्याच अंगातल्या. म्हणजे सकाळचे पोहे मी खाल्ले आणि जीन्सने पचवले!

"मुख्य म्हणजे वारा पाहिजे," काका अजून दारातच, "कपड्यालगतची भरलेली हवा बाजूला सारायला. पंख्याने होतं, पण मोकळा वारा म्हणजे..."

"मग सर, गच्ची उघडा की," मागून कामवाल्या मावशी म्हणाल्या.

जुडगा थांबला. कारण गच्चीला कुलूप काकांनीच लावलंय, 'बिल्डिंगची शोभा जाते' म्हणून. खिडकीच्या ग्रिलवर टॉवेल दिसला तरी ग्रुपवर फोटो पडतो. त्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग मेंटेनन्समधून आम्हीच भरतो, हे वेगळं.

"तो विषय एजीएममध्ये," म्हणाले आणि छत्री उघडून निघून गेले.

एजीएम सप्टेंबरात असते. तोवर बायकोच्या हेअर ड्रायरने खिसे वाळवतोय, आणि लाइटबिल सोसायटीच्या ग्रुपवर टाकावं की थेट काकांच्या दाराखाली सरकवावं, एवढंच ठरायचंय.