मेंटॉर दिला की मुली इंजिनिअरिंग सोडतात म्हणे!

"मावशी, मग मी मेंटॉरच्या ग्रुपमधून बाहेर पडू का?" भाचीचा मेसेज, आणि वर चिकटवलेला फॉरवर्ड. ती फर्स्ट इयर इंजिनिअरिंगला. तिच्या आईनेच 'वाचून घे' म्हणून पाठवलेला. त्यातले दावे चार. मेंटॉरिंग, म्हणजे नव्या मुलीला वाट दाखवायला अनुभवी कुणीतरी जोडून देणं, हे परदेशी खूळ. त्याने मार्क वाढत नाहीत. कॉलेजात सगळं कागदावरच. आणि कहर म्हणजे 'अमेरिकेत सिद्ध झालंय, मेंटॉर दिला की मुली जास्त गळतात'.

आधी कहरच घेऊ. हे कुठून उचललंय ते ओळखता येतं. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या ॲमहर्स्ट कॅम्पसवर तारा डेनेही आणि निलांजना दासगुप्ता यांनी इंजिनिअरिंगच्या १५० विद्यार्थिनींचा अभ्यास केला, तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या वर्षाच्या मुलींचे चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गट पाडले: कुणाला वरच्या वर्गातली मुलगी मेंटॉर, कुणाला मुलगा, कुणाला कोणीच नाही. वर्षअखेर मेंटॉर नसलेल्यांपैकी ११ टक्के गळल्या, मुलगा मेंटॉर असलेल्यांपैकी १८ टक्के. फॉरवर्डवाल्याने पुस्तक इथेच मिटलं. अहो, मुलगी मेंटॉर असलेल्या गटातून किती गेल्या? एकही नाही! शिवाय १५० चे तीन गट केले की ११ आणि १८ टक्क्यांमधला फरक उरतो तीन-चार जणींचा. त्यावर 'सिद्ध झालंय'?

मार्कांचं म्हणाल तर तिथेही मेंटॉरमुळे मार्क वाढले नाहीत. पण टिकल्या त्या मार्कांमुळे नाहीत. 'मी इथलीच आहे, मला जमेल' असं वाटत राहिलं म्हणून. तेव्हा योजना तपासायची तर निकालाची टक्केवारी काय बघता? सेकंड इयरला कोण आलं नाही ते बघा.

परदेशी खूळ? होस्टेलवर सीनियरकडून जुन्या जर्नल्स आणि 'एम-थ्री (गणिताचा तिसरा पेपर) सुटतो गं' हा धीर कधीपासून मिळतोय. पुढे.

कागदावरचं मात्र, नाइलाजाने, अर्धं मान्य. मीही कॉलेजात जीएफएम, म्हणजे मुलांच्या एका गटाची पालक-शिक्षिका होते. कॉलेजांना दर्जा देणाऱ्या नॅकची टीम तपासणीला येणार म्हटल्यावर एका दुपारी बसून अख्ख्या सेमिस्टरच्या भेटी लिहिल्यात. 'अडचण: नाही. सल्ला: नियमित अभ्यास.' तारखा वेगळ्या दिसाव्यात म्हणून पेनं बदलली, मुलं सह्यांना रांगेत. त्या मुलांना मेंटॉर मिळालाच नव्हता, मग मेंटॉरिंग फसलं कसं म्हणायचं?

भाचीची मेंटॉर थर्ड इयरची मुलगी आहे. ड्रॉइंगची अडलेली शीट तिनेच रात्री शेजारी बसून समजावली. ग्रुप सोडू नकोस, एवढंच कळवलंय. ताईला फोन करायचाय अजून.