एडिटला बघून घेऊ म्हणे!

पहाटेचे सव्वातीन वाजलेत. कॉम्प्युटर दोन तास एका फोनच्या व्हिडिओचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं तो आकडा, सरळ करतोय आणि मी स्क्रीनसमोर बसून राहिलोय. डोकं तापलंय म्हणूनच लिहायला घेतलं. या सीझनमधलं हे चौथं लग्न, आणि चौथ्यांदा तोच घोळ.

एकाच लग्नाच्या शूटिंगची पाच मेमरी कार्डं एडिटिंगला माझ्या टेबलावर आली. मेन कॅमेरा 25 फ्रेमवर. कँडिड काढणाऱ्या पोरानं 24 लावलेले, का तर म्हणे सिनेमॅटिक दिसतं. ड्रोन 30 वर. गिंबलवाला, म्हणजे कॅमेरा न हलू देणारा दांडा घेऊन फिरणारा, 60 वर. आणि नवऱ्याच्या मावसभावाचा फोन, त्याचा आकडा तर क्लिपच्या आत मिनिटामिनिटाला बदलतोय. पाच जण एकाच मांडवात, एकाच पंगतीला जेवले, आणि पाचांतल्या एकानंही दुसऱ्याला विचारलं नाही की भावा, तू कितीवर लावलायस? चहाचा कप हातात असताना विचारायचा प्रश्न आहे हा. दहा सेकंद लागतात. ते दहा सेकंद वाचवले यांनी आणि माझ्या चार रात्री घातल्या.

कँडिडवाल्याला फोन केला. त्याचं उत्तर ठरलेलं: "अरे बघून घे की एडिटला."

काय बघून घेऊ? जी फ्रेम कॅमेऱ्यानं काढलीच नाही ती मी कुठून आणू?

मेनूतला तो आकडा म्हणजे काही सजावट नव्हे. सेकंदाला किती चित्रं काढायची ते तिथं ठरतं, आणि एकदा बटण दाबलं की ठरलं. माझी टाइमलाइन, म्हणजे सगळ्या क्लिपा जोडायची पट्टी, 25 ची. तुझी क्लिप 24 ची. म्हणजे दर सेकंदाला एक चित्र कमी पडणार, आणि सॉफ्टवेअर ती जागा आधीचंच चित्र परत दाखवून भरणार. माणूस बोलत उभा असेल तर चालून जातं. पण कॅमेरा मांडवाच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत फिरला की दर सेकंदाला एक उचकी लागते. ड्रोनचं उलटं. 30 चे 25 करायचे तर दर सहावं चित्र फेकायचं, म्हणजे सेकंदाला पाच ठिकाणी तुकडा पडतो. हॉलवरून ड्रोन इतका छान तरंगत गेलाय, आणि माझ्या टाइमलाइनवर तो खडीच्या रस्त्यावरून गेल्यासारखा दिसतो. मग नवरीचे काका फोन करतात, "व्हिडिओ अडकतोय हो. एडिटिंगमध्ये काहीतरी गडबड केलीय तुम्ही." शूटिंगवाल्याला कुणी फोन करत नाही. त्याचे पैसे लग्नाच्या दिवशीच मिळालेले असतात. अडकतात ते माझे.

24 च्या क्लिपला 25 समजून चालवता येतं, माहीत आहे मला. वेग चार टक्के वाढतो, डोळ्याला कळत नाही. पण त्या क्लिपमध्ये सनई वाजतेय, आणि चार टक्के सूर चढलेला कानाला कळतो. तो परत खाली आणायचा ते वेगळं काम. प्रत्येक क्लिपला. साडेचारशे क्लिपा आहेत.

आता अक्षतांचं सांगतो, कारण सगळ्यात जास्त राग मला त्याचाच आलाय.

नवरीची आजी पहिल्या रांगेत खुर्चीवर बसलेली. अंतरपाट खाली गेला आणि आजीनं मूठ उघडली. हात थरथरतोय, हिरव्या बांगड्या मनगटावरून कोपराकडे सरकल्यात, पिवळ्या अक्षता बोटांतून सुटतायत. कँडिडवाल्यानं बरोब्बर टिपलं, पोराची नजर चांगली आहे, ते मी नाकारत नाही. खाली चिठ्ठी पाठवली: "हा शॉट फुल स्लोमोशन पाहिजे."

शॉट 24 वर काढलाय! अर्ध्या वेगानं चालवला की सेकंदाला जेमतेम 12 वेगळी चित्रं उरतात, प्रत्येक दोनदा दाखवायचं. आजीचा हात टप्प्याटप्प्यानं, धक्के खात वर जातो. मग म्हणतात, सॉफ्टवेअर मधली चित्रं तयार करतं ना? करतं. अंदाजानं करतं. मी करून बघितलं. आजीची दोन बोटं एकमेकांत वितळली, बांगडी मनगटात शिरली आणि अक्षतांच्या दाण्यांचे पिवळे दोरे झाले. आजीच्या हाताचं हे असलं काहीतरी करून मी तिच्या नातवंडांना दाखवू? स्लोमोशन हे शूटिंगच्या वेळी ठरतं. 50 वर काढ, 25 वर चालव, बरोब्बर अर्धा वेग, एकही चित्र खोटं नाही. 100 वर काढ, चौथाई वेग. हे गणित चौथीतल्या पोरालाही येतं.

गिंबलवाल्यानं 60 वर काढलं होतं, तेव्हा निदान त्याचा माल तरी स्लोमोशनला वापरू म्हटलं. उघडून बघतो तर मागच्या भिंतीवर काळे पट्टे वरून खाली सरकतायत. अंतरपाटापासून सप्तपदीपर्यंत हॉलच्या आतलं सगळं असंच.

हे का होतं ते समजून घ्यायला कुणी तयारच नाही. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची. त्या विजेवरचे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमीजास्त होतात. डोळ्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतं. शटर, म्हणजे एका चित्रासाठी उजेड आत घ्यायचा वेळ, 1/50 सेकंद ठेवलं की प्रत्येक चित्रात दिव्याचे पुरे दोन ठोके मावतात, 1/100 ठेवलं की पुरा एक. सगळी चित्रं सारखी उजळतात. यानं शटर ठेवलं 1/125. का? तर शटर फ्रेम रेटच्या दुप्पट ठेवायचं असं त्यानं ट्युटोरियलमध्ये ऐकलंय. नियम खरा आहे, पण ते ट्युटोरियल अमेरिकेतल्या माणसाचं! तिथली वीज 60 हर्ट्झची. त्याला 60 फ्रेम आणि 1/120 चालून जातं, कारण त्याच्या खोलीतला दिवा सेकंदाला 120 वेळा ठोका देतो. तुझा हॉल कोल्हापुरात आहे ना रे? 60 वरच काढायचं होतं तरी शटर 1/100 वर आणलं असतंस तर बहुतेक पट्टे गेले असते. आणि 50 वर काढलं असतंस तर दुप्पटीचा नियमही पाळला गेला असता आणि दिवाही जुळला असता, दोन्ही 1/100 वरच. (स्टेजमागच्या एलईडी वॉलचं वेगळं असतं, तिचा स्वतःचा वेग असतो. तिथं आधी एक क्लिप काढून झूम करून बघायची. तेही कुणी बघत नाही.)

"माझ्या कॅमेऱ्यात 25 आणि 50 येतच नाही," हे आणखी एक. येतं. मेनूत व्हिडिओ सिस्टिम एनटीएससीवर, म्हणजे अमेरिकेच्या टीव्ही पद्धतीवर राहिलेली असते, ती आपल्याकडच्या पालवर केली की दोन्ही आकडे दिसतात. दोन लाखांचा कॅमेरा गळ्यात घालून फिरता आणि तो मेनू एकदा पूर्ण उघडून बघत नाही? आपलं दूरदर्शन 1982 साली रंगीत झालं ते पालवरच, 25 फ्रेमवर. 50 हर्ट्झच्या देशांत 25, 60 हर्ट्झच्या देशांत 30, इतकं सरळ होतं ते. तुमच्या मेनूतला 30 तर बऱ्याचदा 30 सुद्धा नसतो. 1953 साली अमेरिकेत रंगीत टीव्ही आणताना त्यांना वेग किंचित कमी करावा लागला, म्हणून तो 29.97 आहे. तो 30 धरून चालवला की तासाला साडेतीन सेकंदांहून जास्त फरक पडतो. तीन तासांच्या विधीच्या शेवटी भटजी कुठं आणि त्यांचा आवाज कुठं!

आणि आवाजावरून तो फोन. ज्याच्यासाठी मी आत्ता जागा आहे.

नवरीच्या आत्यानं स्वतः मंगलाष्टक रचलं होतं. चाल लावून, माइक हातात धरून, मध्ये दोनदा आवंढा गिळत म्हटलं. मेन कॅमेरा जोडप्यावर, कँडिडवाला आजीवर. आत्यावर फक्त मावसभावाचा फोन, सलग 22 मिनिटं. फोन बहुतेक वेळा ठरलेल्या वेगानं काढतच नाही. उजेड कमी झाला की तो आपणहून फ्रेम कमी करतो, वाढला की परत वाढवतो. फोनवरच बघितलं तर सगळं ठीक दिसतं. टाइमलाइनवर टाकलं की सुरुवातीला ओठ आणि आवाज जुळतात, आणि दहाव्या मिनिटाला आत्याचं तोंड मिटलेलं आणि आवाज चालू. हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून वेग कायमचा एक करून घ्यायचा आणि मग परत जुळवायचं, हाच मार्ग. तेच चाललंय दोन तास. मावसभावावर माझा राग नाही, त्यानं प्रेमानं काढलं. राग त्या चौघांवर आहे जे पैसे घेऊन आले होते आणि ज्यांच्यातला एकही आत्याकडे वळला नाही.

याच कोल्हापुरात मूकपट काढणाऱ्या बाबूराव पेंटरांनी स्वतःचा कॅमेरा घडवला. त्या काळात हँडल हातानं फिरवायचं. साधारण मोजमाप असं की सेकंदाला दोन फेरे, एका फेऱ्यात आठ चित्रं, झाली सोळा. फ्रेम रेट मनगटात असायचा! मग बोलपट आला. आवाज फिल्मच्या कडेला छापायचा तर वेग जरासुद्धा हलून चालत नाही, म्हणून 1920 च्या दशकाच्या शेवटी 24 वर सगळे थांबले. आवाज नीट यावा इतका वेग, आणि फिल्म परवडावी इतका कमी. 24 ला मिनिटाला 90 फूट फिल्म जायची. 1932 साली प्रभात फिल्म कंपनीनं आपला पहिला बोलपट कोल्हापुरातच केला. एकेका फुटाचा हिशेब ठेवून माणसांनी काम केलंय इथं. आणि आज ज्याला फक्त एक आकडा निवडायचाय तो म्हणतो, 24 लावलं की सिनेमॅटिक. अरे, थिएटरसाठी शॉर्टफिल्म करतोयस तर 24 च लाव, मीच सांगेन. पण 24 लावून, शटर ऑटोवर सोडून, भर दुपारी 1/2000 वर काढलेली हळद सिनेमासारखी नाही दिसत. उडालेलं पाणी सुयांसारखं टोचतं डोळ्यांना. तिथं लेन्सवर उजेड कमी करणारा एनडी फिल्टर लावायचा असतो आणि शटर 1/50 वर ठेवायचं असतं. सिनेमाचा तो मऊपणा हलणाऱ्या गोष्टी चित्रात किंचित पुसट होतात त्यातून येतो, 24 या आकड्यातून नाही.

दुसऱ्या टोकाला काका. "आमच्या भाच्याचा व्हिडिओ 60 चा होता, जास्त क्लिअर होता." जास्त म्हणजे चांगलं, हे कुणी शिकवलं? कबड्डीची मॅच असेल तर 50 किंवा 60 च हवं. पाठवणीच्या वेळी मुलगी बापाच्या गळ्यात पडते ते 60 वर बघा, बातम्यांतल्या क्लिपसारखं कोरडं दिसतं. हे माझं मत आहे आणि मी ते बदलणार नाही. वर यांच्या नव्या टीव्हीत मोशन स्मूदिंग चालू. मी 25 चित्रं द्यायची आणि टीव्हीनं मधली स्वतः बनवून घालायची. 2018 च्या डिसेंबरात टॉम क्रूझनं मुद्दाम व्हिडिओ काढून लोकांना ते बंद करायला सांगितलं होतं. मी काकांना फोनवर पंधरा मिनिटं रिमोटचं कुठलं बटण दाबायचं ते सांगत होतो.

कुणी म्हणेल, आता सगळे मोबाइलवर बघतात, बऱ्याच मोबाइलचा स्क्रीन 60 हर्ट्झचा, 25 त्यात समान बसत नाही, 30 बसतं. बरोबर आहे. मग पाचही जण 30 वर काढा! शटर तेवढं 1/50 ठेवा, दिवे जुळतील. माझी काही हरकत नाही. 25 करा, 30 करा, पण एक करा, आणि नारळ फोडायच्या आधी करा.

पुढच्या रविवारच्या लग्नाच्या ग्रुपवर मी आत्ताच टाकलं: सगळे 25, शटर 1/50. स्लोमोशन हवं तिथं 50, शटर 1/100. फोनवाल्यांनी मला भेटून जा, सेटिंग मी करून देतो. दुसऱ्या आकड्यावर काढलेलं कार्ड मी घेणार नाही, परत पाठवीन, आणि का पाठवलं ते पार्टीला स्वतः सांगेन.

आजीचा शॉट मी स्लो केला नाही. तीन सेकंदांचा आहे, तीन सेकंदांचाच ठेवला. आत्याची क्लिप 81 टक्क्यांवर आलीय.