जागतिक दर्जाचे कापूस उत्पादक कसे व्हाल?

शेतकरी बंधूंनो, परवा खरेदी केंद्रावरून माझी गाडी भरलेली परत आली. ग्रेडरने कापसात मीटर खुपसलं, 13 टक्के ओलावा निघाला. 12 च्या वर घेत नाहीत. ‘‘साहेब, यंदा पाऊस हटला कधी?’’ असं मी म्हणायला आणि तिथे आलेल्या एका टायवाल्या मार्गदर्शकांनी तोंड उघडायला एकच गाठ पडली. म्हणाले, ‘‘काका, आता स्पर्धा जागतिक आहे. हमीभावाच्या कुबड्या टाकून द्या.’’

बोलणं मनाला फार लागलं. म्हणून जागतिक होऊ पाहणाऱ्या बांधवांसाठी हे चार सल्ले.

पहिला सल्ला: जन्म घेताना गाव नीट बघून घ्या. यवतमाळपेक्षा अमेरिकेतलं टेक्सास बरं. तिथे 2025 च्या कायद्याने सरकीसकट कापसाचा आधारभाव पौंडाला 36.7 सेंटवरून 42 सेंट केला. क्विंटलचा हिशेब मांडला तर तो आपल्या हमीभावाच्या आसपासच येतो बरं का. पण तिथे बाजार पडला की जुन्या नोंदीतल्या एकरांवर पैसे मिळतात. गाडी नाही, रांग नाही, मीटर नाही. आणि त्याला कुबड्या म्हणायला कुणी टाय लावून येत नाही.

दुसरा सल्ला: ओलाव्याची अडचण असेल तर आपण कापूस विकायला करतो तसा पावसालाही अॅपवर स्लॉट बुक करायला सांगा.

तिसरा सल्ला: 1986 सालात राहायला शिका. हे जरा समजून घ्या, कारण यातच सगळी मेख आहे. जागतिक व्यापार संघटनेचा शेती करार 1995 पासून लागू आहे. सरकार हमीभावाने शेतकऱ्याला किती ‘मदत’ करतं, ते मोजताना आजचा हमीभाव ताडून बघायचा तो 1986 ते 88 च्या आंतरराष्ट्रीय भावाशी! 2025-26 च्या हंगामासाठी लांब धाग्याच्या कापसाला क्विंटलमागे 8110 रुपये जाहीर झाले. त्यातून राजीव गांधींच्या काळातला भाव वजा करा. उरलं ते सगळं म्हणे तुमच्यावर केलेले उपकार. उत्पादनाच्या किमतीच्या 10 टक्क्यांवर हे उपकार गेले की आपला देश गुन्हेगार. डिझेल मात्र आजच्या भावाने, वेचणी आजच्या मजुरीने, बोंडअळीचं औषध तर उद्याच्या भावाने. बरं, हा फरक गुणायचा किती मालाला? सरकारने खरोखर विकत घेतलेल्या मालाला? छे! 2018 मध्ये अमेरिकेने भारताच्या कापसाचा हिशेब संघटनेत मांडला, तो हमीभावाला पात्र असलेलं देशातलं सगळं उत्पादन धरून. त्या हिशेबाने खरेदी केंद्राने परत पाठवलेली माझी गाडीसुद्धा सरकारी मदतीत जमा होते! म्हणजे पैसे मिळाले नाहीत ते नाहीतच, वर जगाच्या दप्तरात मी अनुदानखोर. आणि टेक्सासवाल्याच्या मदतीचा मोठा वाटा करारातल्या वेगवेगळ्या ‘पेट्यां’मध्ये, म्हणजे मदतीच्या वर्गांमध्ये, कुठे बसवायचा, याची सोय करार लिहितानाच झालेली. ज्यांच्या तिजोऱ्या आधीच भरलेल्या होत्या, त्यांना त्या तशाच ठेवायची मुभा; आपल्याला दहा टक्क्यांची फूटपट्टी. असले नियम आमच्या ग्रामपंचायतीत कुणी केले असते तर ग्रामसभेने त्याला उभा राहू दिला नसता.

चौथा सल्ला: अन्याय झाला तर खटला भरा, पण आधी ब्राझीलएवढे मोठे व्हा. ब्राझीलने 2002 मध्ये अमेरिकेच्या कापूस अनुदानावर तक्रार केली आणि जिंकली. मग अमेरिकेने सगळं अनुदान बंद केलं? नाही. 2010 पासून ब्राझीललाच वर्षाला सुमारे 14.7 कोटी डॉलर द्यायचं कबूल केलं आणि 2014 मध्ये 30 कोटी देऊन विषय मिटवला. बेनिन, बुर्किना फासो, चाड आणि माली हे चार गरीब देश 2003 पासून तेच गाऱ्हाणं मांडतायत. त्यांच्या वाट्याला आश्वासनं आली.

पाचवा सल्ला: (चार म्हटलं होतं; जागतिक हिशेबात एवढं चालतं.) भाव वाढेपर्यंत कापूस घरात साठवा. अंगाला खाज सुटेल, ती सहन करा.

सहावा सल्ला... नाही, बास झालं.

कारण खरी आग जिनिव्हाची, म्हणजे व्यापार संघटनेच्या मुख्यालयाची, नाही. आयात कापसावरचं 11 टक्के शुल्क 19 ऑगस्ट 2025 ला उठवलं, ते कुणी उठवलं? जागतिक व्यापार संघटनेने? दिल्लीने. आधी 30 सप्टेंबरपर्यंत म्हणाले, मग आठ-दहा दिवसांत मुदत 31 डिसेंबर केली. म्हणजे दसरा-दिवाळी, पहिली वेचणी, दुसरी वेचणी, आमचा माल बाजारात यायचा नेमका सगळा काळ! त्याच महिन्यात अमेरिका भारताच्या मालावर 50 टक्के कर लावत होती आणि आपण परदेशी गाठींसाठी दार उघडत होतो. गिरण्या अडचणीत आल्या, तिथल्या कामगारांनाही पोट आहे, मान्य. मग त्यांना सरकारी तिजोरीतून मदत करा ना, माझ्या पऱ्हाटीतून का? कांदेवाल्यांना तर हे नवीनही नाही; त्यांचं 2023 च्या निर्यातबंदीचं नुकसान अजून फिटलेलं नाही.

टायवाले साहेब, तुम्हालाच सांगतो. जिनिव्हात आमच्या गरिबीचे आकडे दाखवून हमीभावासाठी भांडायचं आणि इथे त्याच हमीभावाला कुबड्या म्हणायचं, यातलं एक काहीतरी ठरवा. आम्हाला भीक नको आणि भाषणही नको. शुल्क उठवायचंच होतं तर मे महिन्यात उठवायचं, आमची घरं रिकामी झाल्यावर. कापूस कोणत्या महिन्यात फुटतो एवढंही ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी आम्हाला बाजार शिकवायला येऊ नये.