थँक्सगिव्हिंगच्या कितीतरी आधीपासून

नोव्हेंबर उजाडला की एक मजकूर व्हॉट्सॲपच्या गटांतून हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: १६२१ साली इंग्लंडहून अमेरिकेत गेलेल्या यात्रेकरूंनी पहिल्या पिकाबद्दल देवाचे आभार मानले, तिथल्या मूळ रहिवाशांना टर्की पक्षी जेवू घातला आणि तेव्हापासून थँक्सगिव्हिंगचा, म्हणजे आभार मानण्याचा, हा सण अखंड चालत आला. सुगीनंतर कृतज्ञ होण्याची रीत इंग्रजी बोलणाऱ्यांनी जगाला दिली. स्पॅनिश बोलणाऱ्या देशांत असं काही नाही, मेक्सिकोत तर त्याच सुमारास भुताखेतांचा सण असतो.

हे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण ज्यांनी खरोखर अन्न दिलं त्यांचीच नावं यात पुसली जातात, म्हणून हे लिहायला घेतलं.

कुणी कुणाला जेवू घातलं, तिथूनच सुरुवात करू. हे यात्रेकरू १६२० मध्ये मेफ्लॉवर जहाजातून आले, एकूण १०२ प्रवासी. पहिल्याच हिवाळ्यात त्यातले जवळपास निम्मे दगावले. उरलेल्यांना मका कसा पेरायचा, बुडाशी मासे पुरून खत कसं द्यायचं, हे दाखवलं टिस्क्वांटम नावाच्या मूळ रहिवाशाने. त्याला इंग्रजी येत होतं, आणि ते कसं आलं हे त्या मजकुरात कधीच नसतं. १६१४ साली एका इंग्रज कप्तानाने त्याला पकडून स्पेनमधल्या मालागा बंदरात विकायला नेलं. तिथून तो लंडनला पोचला आणि १६१९ मध्ये घरी परतला, तर पटक्सेट हे त्याचं गाव साथीने ओस पडलेलं. त्याच ओस गावाच्या जागी पुढच्या वर्षी यात्रेकरूंचं प्लिमथ वसलं.

मेजवानीचं प्रत्यक्षदर्शी वर्णन म्हणजे यात्रेकरूंपैकीच एक असलेल्या एडवर्ड विन्स्लोच्या पत्रातल्या मोजक्या ओळी. वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवाशांचा प्रमुख मॅसासोइट सुमारे ९० माणसांसह तीन दिवस होता आणि त्यांनी पाच हरणं मारून आणली, असं तो लिहितो. यजमान पन्नासेक, पाहुणे नव्वद, आणि हरणं पाहुण्यांची. टर्कीचं नाव त्यात नाही, नुसती पाखरं आहेत. थँक्सगिव्हिंग हा शब्दही नाही. टर्की माणसाळवली तीच मुळी मेक्सिकोतल्या लोकांनी. स्पॅनिश जहाजांतून ती युरोपात गेली आणि इंग्रजांना इंग्लंडमध्येच ठाऊक झाली. मकाही मूळचा मेक्सिकोचाच, तिथे तो सुमारे ९००० वर्षांपूर्वीपासून पिकतोय.

'अखंड' म्हणावं, तर तसंही नाही. राष्ट्राध्यक्ष वॉशिंग्टनने १७८९ मध्ये आभाराचा एक दिवस जाहीर केला. पुढे जेफरसनने राष्ट्राध्यक्ष असताना असे दिवस जाहीर करायला नकार दिला. सारा जोसेफा हेल या संपादिकेने वर्षानुवर्षं पत्रं लिहून पाठपुरावा केला, तेव्हा कुठे १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेलं असताना, लिंकनने नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार ठरवला. चौथा गुरुवार कायद्याने पक्का झाला तो १९४१ मध्ये. मेजवानीतली मैत्रीही अखंड राहिली नाही. मॅसासोइटच्या मुलाला, मेटाकॉमला, १६७६ मध्ये मारून त्याचं शिर प्लिमथमध्ये खांबावर टांगलं होतं. त्याच गावात १९७० पासून मूळ रहिवासी थँक्सगिव्हिंगच्या दिवशी शोकदिन पाळतात.

बरं, इंग्रजी बोलणाऱ्यांचा तरी सण एकच आहे का? कॅनडात तो ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी असतो, कारण तिकडे थंडी लवकर येते आणि पीकही लवकर निघतं. इंग्लंडमधल्या चर्चमध्ये सुगीचा जो उत्सव होतो, त्याची आजची रीत कॉर्नवॉलमधल्या मॉर्वेन्स्टो गावच्या एका पाद्र्याने १८४३ मध्ये घातली. त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी नसते.

आता स्पॅनिश जगाकडे वळू. तिथे 'असं काही नाही' हे वाक्य मला सगळ्यांत जास्त खुपतं. स्पेनमधल्या लोग्रोन्यो शहरात सप्टेंबरमध्ये द्राक्षं पायांनी तुडवतात आणि पहिला रस वाल्वानेराच्या मेरीमातेला वाहतात. अर्जेंटिनातल्या मेंदोसाचा राष्ट्रीय द्राक्षोत्सव १९३६ पासूनचा. विषुववृत्ताच्या दक्षिणेला असल्याने तो मार्चच्या सुमारास येतो आणि त्याआधी फळांना आशीर्वाद देण्याचा विधी होतो. अँडीज पर्वतात १ ऑगस्टला पाचामामाचा, म्हणजे धरणीमातेचा, दिवस. जमिनीत खड्डा करतात आणि त्यात शिजवलेलं अन्न, कोकाची पानं, मक्याची चिचा दारू घालतात. पेरणी तोंडावर आलेली असते. आजवर दिलंस त्याबद्दल आधी तुला घास, मग आमची पेरणी. हे स्पॅनिश भाषेच्याही आधीचं आहे. केचुआ आणि आयमारा या तिथल्या मूळ लोकांनी ते आजवर टिकवलंय.

राहिला मेक्सिकोचा 'भुताखेतांचा सण'. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे दिवंगतांचा दिवस असतो, आणि त्यात भीती नाही. आपले गेलेले लोक घरी जेवायला येतात, अशी श्रद्धा आहे. त्यांच्यासाठी वेदी मांडतात, तिच्यावर मक्याचे तमाल, पाव, फळं, पाणी, त्यांच्या आवडीचे पदार्थ ठेवतात. युनेस्कोच्या वारसा यादीत २००८ मध्ये हा सण घेतला, तेव्हा हाच काळ मक्याचं वर्षाचं चक्र पुरं होण्याचा, अशी नोंद त्यात केली आहे. म्हणजे नवं पीक घरात आलं की पहिलं पान पूर्वजांचं. सर्वपित्रीला पान वाढणाऱ्या आपल्या घरांना हे वेगळं समजावून सांगायला नको. दारापासून वेदीपर्यंत त्यांना वाट दिसावी म्हणून पिवळ्याधमक फुलांच्या पाकळ्या पसरतात. ते फूल झेंडूचं. आपण दसऱ्याला ज्याचं तोरण बांधतो, तो झेंडू मूळचा तिकडचाच.