सकर मासा काय फुकटचा सफाई कामगार आहे?

गेल्या आठवड्यात साकोलीहून भाच्याचा फोन. "मामा, सकर काचेले चिकटूनच रायते. पोट पाठीले लागलं त्याचं." व्हिडिओ मागवला. काचेतून खालची बाजू स्वच्छ दिसत होती. गोल पोट हवं तिथे खळगा, डोळे आत गेलेले. महिनाभर खायला काय घातलं? काहीच नाही, कारण आबाजींच्या मोबाइलवर मेसेज आला होता.

तो मेसेज तुमच्याकडेही आला असेल: 'टाकीत सकर सोडा. तो शेवाळ आणि माशांची विष्ठा खातो, वेगळं खाणं नको, पाणी बदलायची कटकट नाही. मोठा झाला की विहिरीत नाहीतर तलावात सोडा, पाणी आरशासारखं होईल.'

विष्ठेवर सकर जगत नाही. उलट टाकीत सगळ्यात जास्त घाण त्याचीच. दिवसभर मागे दोरा लोंबत असतो. त्या घाणीतून पाण्यात अमोनिया विरघळतो, तो काय चाटून खाणार? आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावंच लागतं.

काच खरडतो, हे मात्र मान्य. पण दोन फुटांच्या टाकीतलं शेवाळ तो चार दिवसांत संपवतो, मग पुढे? रात्री दिवा बंद केल्यावर त्याला तळाशी बसणाऱ्या गोळ्या द्या, किंवा काकडी, दोडका, पालक उकळत्या पाण्यात जरा नरम करून द्या. काकडी तरंगते, म्हणून तिच्यात स्टीलचा काटा खोचायचा. उरलेली सकाळी काढायची, नाहीतर सडते. उपाशी सकर सुस्त माशांच्या अंगावरचा चिकट थरही चोखायला लागतो. आणि खिडकीतलं ऊन थेट टाकीवर पडत असेल तर दहा सकर आणले तरी शेवाळ येणारच.

आता तलावाचं. हा मेसेज लिहिणाऱ्याने भंडाऱ्याकडचा मामा तलाव, म्हणजे जुना माजी मालगुजारी तलाव, कधी पाहिला नसावा. दुकानात दोन बोटांएवढा मिळणारा हा दक्षिण अमेरिकेतला मासा दीड फुटापर्यंत वाढतो. अंगावर खवले नाहीत, हाडांचं चिलखत. परांचे काटे ताठ करून जाळ्यात असा अडकतो की ढीवर (मासेमार) बांधवांना जाळंच कापावं लागतं. बरं, बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. नर अंड्यांसाठी काठात हातभर खोल बिळं खणतो, आणि आपल्या कोहळी समाजाने बांधलेल्या तलावांची पाळ, म्हणजे बांध, मातीची! पाण्यातला प्राणवायू कमी झाला तर हा वरची हवा गिळून पोटातून श्वास घेतो. म्हणजे उन्हाळ्यात रोहू-कतला तडफडतील, हा राहील.

घाबरवतोय असं वाटत असेल तर ऐका. हैदराबादच्या सीसीएमबी या जीवशास्त्र संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी पाण्यातला डीएनए तपासला, तेव्हा पूर्व घाटातल्या सुमारे 60 टक्के पाणवठ्यांत हा मासा सापडला. आपल्याकडे बोडी, म्हणजे छोटं तळं, पावसाळ्यात ओसंडली की मासा ओढ्यात, मग चुलबंद नदीत, मग वैनगंगेत. तिथून तो कोण परत आणणार? विहिरीत सोडाल तर पाणी आरसा होणं राहू द्या, गढूळ तेवढं होईल.

भाच्याला सांगितलंय, टाकीत मावेनासा झाला की ज्या दुकानातून आणला तिथेच परत दे, फुकट दे. काल त्याने फोटो पाठवला. काटा तळाशी, काकडीचा गर साफ, नुसती सालीची कडी उरलेली.