साइड स्टेप बसवू इच्छिणाऱ्यांस हिताच्या चार गोष्टी

मोठी एसयूव्ही घेतल्याबद्दल प्रथम आपले अभिनंदन. सदाशिव पेठेतल्या ज्या गल्लीत समोरासमोर आलेल्या दोन रिक्षांपैकी एकीला मुकाट्याने मागे जावे लागते, त्या गल्लीत १.८६ मीटर रुंदीची फॉर्च्युनर किंवा त्याहूनही रुंद, म्हणजे १.९२ मीटरची स्कॉर्पिओ-एन आणून उभी करण्यास जे धैर्य लागते, ते आपण दाखवले आहे. ताम्हिणीला जायचे तर गाडीचे पोट जमिनीपासून वीतभर तरी उंच हवे, असा आपला आग्रह होता आणि तो आपण पुरा करून घेतला. आता एवढ्या उंच गाडीत घरची माणसे चढणार कशी, हा प्रश्न डिलिव्हरीच्या दिवशी हार घालताना उभा राहिला असेल, तर घाबरून जाऊ नये. मोजून मापून विकत घेतलेली उंची थोडीशी परत करण्याची सोय बाजारात आहे. दाराखाली बाहेरच्या बाजूने बसवायच्या या पायरीला साइड स्टेप म्हणतात आणि तिचे पैसे वेगळे पडतात.

घरात हा विषय काढताना गाडीच्या दिसण्याचा उल्लेख चुकूनही करू नये. आईच्या गुडघ्यांचे नाव घ्यावे. या कारणाला मराठी घरात आजवर कोणी हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. फक्त स्टेप निवडायला जाताना आईला बरोबर नेऊ नये. कारण ती दुकानात पाय उचलून बघेल आणि मग सगळाच बेत फिसकटेल. घराच्या जिन्याची एक पायरी साधारण १५ ते १९ सेंटिमीटर उंच असते, आणि बाजारातल्या बहुतेक साइड स्टेप जमिनीपासून अशा दोन पायऱ्यांइतक्या किंवा त्याहून अधिक उंचीवर बसतात. जी बाई जिना चढताना प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवून कठडा धरते, तिला एकदम दोन पायऱ्यांची ढांग टाकायला लावून आपण तिची सोय केली, असे म्हणता येण्यासाठी ती दुकानात हजर नसणेच इष्ट.

दुकानात आपल्याला मुख्यतः दोन प्रकार दाखवतील. एक चकचकीत गोल पाइप, ज्यावर पाय ठेवण्याच्या जागी रबराचे तुकडे चिकटवलेले असतात, आणि दुसरी सपाट, लांबलचक अ‍ॅल्युमिनियमची पट्टी. पाऊल आडवे मावेल एवढी रुंदी आणि ओल्या चपलेला धरून ठेवील असा खडबडीतपणा, या दोन गोष्टी पट्टीत असण्याची शक्यता अधिक. म्हणून आपण अर्थातच पाइप घ्यावा, कारण तो फोटोत उठून दिसतो. पाइप ‘थ्री नॉट फोर’, म्हणजे ३०४ क्रमांकाच्या स्टेनलेस स्टीलचा आहे असे दुकानदार सांगेल आणि खिशातून लोहचुंबक काढून तो चिकटत नाही हेही दाखवील. या प्रयोगाने आपण प्रभावित व्हावे. २०२ क्रमांकाचे स्वस्त स्टीलही चुंबकाला साधारणतः चिकटत नाही आणि त्यात निकेल कमी असल्यामुळे ते गंजते मात्र लवकर, ही माहिती काढून भर दुकानात कोणाचा विरस करण्यात अर्थ नाही. ‘‘साहेब, चार माणसं उभी करा, काही होणार नाही,’’ असे तो म्हणाला की डब्यावर छापलेली वजनाची मर्यादा वाचणे हे अविश्वास दाखवल्यासारखे होते.

बसवण्याचे काम नाना पेठेच्या आसपास, रस्त्याच्या कडेला, निम्मी गाडी वाहतुकीत ठेवून करून घ्यावे. कारागीर पुठ्ठा अंथरून गाडीखाली सरकतो आणि त्यानंतर आपल्याला फक्त त्याच्या चपला दिसतात. स्कॉर्पिओ-एन किंवा फॉर्च्युनरसारख्या गाड्यांना खाली शिडीसारखी चासी, म्हणजे लोखंडी सांगाडा असतो आणि पायरीचे ब्रॅकेट त्याच्यावर घट्ट कसता येते. सफारी किंवा एक्सयूव्ही ७०० यांच्यासारख्या गाड्यांना अशी वेगळी चासी नसते. तिथे सगळा भार दाराखालच्या सिलच्या, म्हणजे गाडीच्या उंबऱ्याच्या पत्र्यावर आणि कंपनीने राखून ठेवलेल्या ठरावीक छिद्रांवर येतो. या फरकावरून कारागिराशी वाद घालू नये. ब्रॅकेटचे छिद्र आणि गाडीचे छिद्र एकमेकांसमोर आले नाही, तर तो गोल कानस घेऊन ब्रॅकेटचे छिद्र लांबवतो आणि कानशीनेही भागले नाही तर गाडीला नवे छिद्र पाडतो. त्या वेळी आपण चहा घेऊन यावा. ड्रिलने उघडा पडलेला पत्रा पुढच्या पावसाळ्यात तांबूस होऊ लागतो. पण तो खालच्या बाजूला असतो आणि कपडे सांभाळणारा कोणताही मालक गाडीखाली आडवा होत नाही. अ‍ॅल्युमिनियमची पट्टी लोखंडी बोल्टने कसली आणि मध्ये पाणी साचत राहिले, तर दोन धातूंच्या संयोगाने गंज आणखी वेग घेतो, हे शाळेत शिकलेले रसायनशास्त्र आहे, आणि शाळेत शिकलेले किती लक्षात ठेवायचे यालाही मर्यादा असते. जॅक लावण्याची जागा ब्रॅकेटने झाकली गेली आहे का, हे पंक्चर होईल त्या दिवशी कळेलच.

कायद्याची काळजी करू नये. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीत फेरफार करण्याविषयी आहे, आणि मूळ बनावटीत बदल करता येत नाही असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये सांगितले आहे. पण आपण पुणेकर आहोत आणि कायद्याचा अर्थ लावण्याची आपली परंपरा न्यायालयाहून जुनी आहे. शिवाय २०१७ च्या डिसेंबरात केंद्र सरकारने राज्यांना कारवाई करायला सांगितले ते बुलबारवर, म्हणजे गाडीच्या तोंडापुढे बसवायच्या धातूच्या दांड्यांवर. तो आपण आधीच बसवला असेल, तर पायरीकडे कोणाचे लक्षही जाणार नाही.

खरी मौज वापरात आहे. उंच माणसाला ही पायरी चढण्यासाठी लागत नाही. त्याला ती ओलांडावी लागते. उतरताना पाय जमिनीकडे जातो आणि पोटरी पायरीच्या कडेला घासून जाते. जून ते सप्टेंबर या काळात पुढची चाके रस्त्यावरचा सगळा चिखल नेमका या पायरीवर फेकत असतात, त्यामुळे पँटच्या मागच्या बाजूला, गुडघ्याच्या खाली, एक आडवा तपकिरी पट्टा उमटतो. तो स्वतःला दिसत नाही, मागून येणाऱ्या सहकाऱ्यांना दिसतो. काही गाड्यांचे दरवाजे मुद्दाम खालपर्यंत आणून सिल झाकलेले असते, ते याच साठी की कपडे स्वच्छ राहावेत. त्या गाड्यांना तर साइड स्टेप आवर्जून लावावी, म्हणजे अभियंत्यांनी केलेला विचार फुकट जातो आणि हिशेब बरोबर होतो.

पुण्यात रस्त्यावर दोन मोटारींच्या मध्ये जी जागा असते ती दुचाकीची असते, हे आपण जाणताच. ती जागा आपण दोन्ही बाजूंनी थोडी कमी केली आहे, आणि तीही बरोबर नडगीच्या उंचीवर. सिग्नलला स्कूटरवरून पाय खाली टेकवणाऱ्या काकूंना याची जाणीव आपल्याआधी होईल आणि ती त्या शुद्ध मराठीत व्यक्त करतील. सोसायटीच्या पार्किंगमध्येही दोन गाड्यांमधून अंग चोरून जाणारा शेजारी आधी आरशाला खांदा लावतो आणि मग पायरीला पाय. या बाबतीत विजेवर चालणारी, दार उघडताच आपोआप बाहेर येणारी स्टेप सर्वांत उत्तम. तिच्या बिजागरीत चिखल सुकला की ती कधी बाहेर येत नाही आणि कधी आत जात नाही. आणि बाहेर येते तेव्हा शेजारी स्टँडवर लावलेली अ‍ॅक्टिव्हा कोणाची आहे, हे ती विचारत नाही.

आता आईंच्या चढण्याविषयी, कारण एवढा खर्च त्यांच्यासाठी झाला आहे. योग्य पद्धत अशी की खांबावरची मूठ धरावी, पाऊल पायरीवर गाडीच्या अंगाला सरकवून ठेवावे, शरीर वर उचलावे, मग पाठ वळवून आधी बसावे आणि पाय नंतर आत घ्यावेत. नऊवारी असो वा सहावारी, एका हातात पर्स, दुसऱ्या हातात देवळात न्यायची पिशवी आणि मागे हॉर्न वाजवणारी पीएमपीची बस, अशा स्थितीत ही कसरत त्यांनी चतुःशृंगीच्या पायथ्याशी करून दाखवावी अशी अपेक्षा आहे. तोल जाऊन त्यांनी दाराला धरले तर दार हलते, कारण दार हलण्यासाठीच असते. दोन-तीनदा असे झाले की त्या म्हणतील, ‘‘तुम्ही व्हा पुढे, मी रिक्षानं येते.’’ रिक्षात बसायला एक पाय जेमतेम उचलावा लागतो. प्लास्टिकचा एक ठेंगणा, रुंद बुडाचा स्टूल डिकीत ठेवून तो दारापाशी मांडला, तर दोन पायऱ्यांची चढण एकेका पायरीत वाटली जाते आणि खर्चही फारसा येत नाही. परंतु स्टूल डिकीत ठेवणे, काढणे आणि आईसाठी खाली उतरणे हे एवढ्या मोठ्या गाडीच्या मालकाला शोभत नाही.

ऑफ-रोडिंगचा विचार असेल तर एक सूचना. दगडावर टेकली तर गाडीचे वजन पेलण्यासाठी रॉक स्लायडर नावाची वेगळी, जाड आणि चासीला थेट जोडलेली वस्तू असते. साइड स्टेप माणसाचे वजन पेलते; गाडी तिच्यावर टेकली की ती वाकते आणि वाकताना दाराखालचा पत्राही बरोबर घेऊन जाते. शिवाय ती खाली लोंबत असल्यामुळे चढाच्या माथ्यावर गाडीचे मधले पोट आधीच टेकते. अर्थात आपले ऑफ-रोडिंग सोसायटीच्या तळघरातून वर येणाऱ्या उतारावर आणि कॉलनीतल्या गतिरोधकांवर होणार. इंडियन रोड्स काँग्रेसच्या संकेतांप्रमाणे गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर लांबीचा असावा; आपल्या कॉलनीत उंची तेवढी पाळलेली, किंबहुना वाढवलेली असते आणि लांबी वाचवलेली असते. सात माणसे बसवून त्यावरून जाताना खालून जो आवाज येतो, तो ब्रॅकेटचा की नटांचा हे ओळखण्यात प्रवास छान सरतो. नट पहिल्या काही दिवसांनंतर पुन्हा कसून घ्यायचे असतात, पण मग हा विरंगुळा राहत नाही.

पुढे कधी गाडी विकायला काढाल, तेव्हा एजंट खाली वाकून बघेल, ‘‘स्टेप बाहेरची आहे,’’ असे म्हणेल आणि किमतीतून काहीतरी वजा करील. आपण चिडून ती काढून घ्यायचे ठरवावे. बोल्ट गंजून बसलेले असल्यामुळे ग्राइंडर लागेल. नव्या गाडीला ती बसणार नाही, कारण प्रत्येक मॉडेलची छिद्रे आणि ब्रॅकेट निराळे असतात. तेव्हा ती वर्षभर बाल्कनीत ठेवून, येता-जाता तिला ठेचकाळून, मग भंगारवाल्याला द्यावी. लोखंडापेक्षा अ‍ॅल्युमिनियमला बराच अधिक भाव मिळतो, एवढे मात्र निवड करतानाच विचारात घेतलेले बरे.