चेहऱ्याची रुंदी आणि माणसाचा तापटपणा

रुंद जबड्याचा, गालफडे वर आलेला माणूस समोर आला की ‘हा तापट दिसतो’ असे आपण मनाशी ठरवून मोकळे होतो. या समजुतीला आता विज्ञानाचाच दुजोरा मिळाला आहे असे सांगणारे व्हिडिओ सर्रास फिरतात आणि चांगली शिकलेली माणसेही ते खरे मानून पुढे पाठवतात. त्या विज्ञानाने प्रत्यक्षात काय सांगितले हे नीट पाहणे मला फार गरजेचे वाटते.

या दाव्याची सुरुवात झाली कॅनडात. ब्रॉक विद्यापीठातील जस्टिन कॅरे आणि शेरिल मॅकॉर्मिक यांनी २००८ मध्ये एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. समोरून काढलेल्या छायाचित्रावर ते दोनच मापे घेत: एका बाजूच्या गालाच्या हाडापासून दुसऱ्या बाजूच्या हाडापर्यंतची रुंदी, आणि वरच्या ओठापासून भुवयांपर्यंतची उंची. रुंदीला उंचीने भागले की एक गुणोत्तर हाती येते. विद्यार्थ्यांना त्यांनी संगणकावर एक खेळ खेळायला दिला. त्यात एक बटण दाबून स्वतःचे गुण वाढवता येत आणि दुसरे दाबून प्रतिस्पर्ध्याचे गुण हिरावून घेता येत. मात्र हिरावलेले गुण स्वतःच्या खात्यात जमा होत नसत, म्हणजे त्यामागे दुसऱ्याचे नुकसान करण्यापलीकडे काही लाभ नव्हता. ज्या पुरुषांचे गुणोत्तर जास्त होते त्यांनी हे दुसरे बटण अधिक वेळा दाबले. स्त्रियांमध्ये असा संबंध दिसला नाही. त्याच शोधनिबंधात विद्यापीठाच्या आणि व्यावसायिक संघांच्या आईस हॉकीपटूंमध्येही रुंद चेहऱ्याच्या खेळाडूंना शिक्षेची मिनिटे (नियमभंगासाठी खेळाबाहेर बसावे लागण्याचा वेळ) जास्त मिळाल्याचे आढळले, आणि बातम्यांचे मथळे तयार झाले.

हॉकीच्या पुराव्यापाशी मात्र थांबायला हवे. या खेळात मारामारी हा निव्वळ स्वभावाचा मामला नसतो; संघात ती जबाबदारी बहुधा धिप्पाड खेळाडूवर टाकलेली असते. २०१२ मध्ये रॉबर्ट डीनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर अमेरिकेतील त्याच व्यावसायिक आईस हॉकी लीगमधील ५०० हून अधिक खेळाडू तपासले, तेव्हा शिक्षेच्या मिनिटांशी संबंध दिसला तो शरीराच्या वजनाचा. चेहऱ्याच्या गुणोत्तराचा दिसला नाही. वजन वाढले की गाल भरतात आणि हे गुणोत्तरही वाढते, ही बाब मापे घेणाऱ्या अनेकांच्या नजरेतून सुटते. इतकेच नव्हे, हनुवटी किंचित खाली झुकवून छायाचित्र काढले तरी आकडा बदलतो.

त्यानंतरचे पुरावे दाव्याला आणखी कमकुवत करत गेले. २०१३ मध्ये जगभरातील ९४ लोकसमूहांच्या मापांचा आणि मेक्सिकोतील कैद्यांचा अभ्यास झाला. चेहऱ्याचा आकार आणि आक्रमकता यांच्या नात्याला त्यात आधार सापडला नाही. २०१७ मध्ये मिखाल कोसिन्स्की यांनी १,३७,००० हून अधिक फेसबुक वापरकर्त्यांची छायाचित्रे आणि त्यांनी स्वतः भरलेल्या प्रश्नावल्या पडताळल्या. तेथेही हाती काही लागले नाही. स्वतःच्या रागाबद्दल माणूस प्रश्नावलीत खरे लिहीलच असे नाही, हा आक्षेप योग्य आहे. पण २०१५ मध्ये अनेक अभ्यासांचे निकाल एकत्र करून केलेल्या ज्या विश्लेषणांत पुरुषांपुरता संबंध दिसला, त्यांतही तो इतका क्षीण होता की एखाद्या विशिष्ट माणसाविषयी त्यावरून काहीही सांगता येऊ नये.

याच विश्लेषणांतला दुसरा निष्कर्ष मला अस्वस्थ करतो. रुंद चेहरा पाहून बघणाऱ्याला वाटणारा धोका आणि त्या चेहऱ्याची रुंदी यांचे नाते प्रत्यक्ष वागणुकीच्या नात्यापेक्षा कितीतरी घट्ट आहे. माणूस आक्रमक असो वा नसो, त्याला तसे मानले जाण्याची शक्यता मात्र त्याच्या हाडांनी आधीच वाढवून ठेवलेली असते. चेहऱ्यावरून बांधलेला अंदाज कुठवर पोहोचतो हे अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या उदाहरणावरून दिसते. खुनासाठी देहदंडाची शिक्षा सुनावलेले ३७१ आणि जन्मठेप झालेले ३७१ कैदी यांची छायाचित्रे जॉन पॉल विल्सन आणि निकोलस रूल यांनी गुन्ह्याची कल्पना नसलेल्या लोकांना दाखवली. देहदंड सुनावलेल्यांचे चेहरे त्यांना कमी विश्वासार्ह वाटले. पुढे जे निर्दोष ठरून सुटले त्यांच्या बाबतीतही हाच फरक आढळला. त्यांच्या चेहऱ्यावर गुन्ह्याची खूण असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण गुन्हा त्यांनी केलेलाच नव्हता.

महाराष्ट्राला याचे गांभीर्य वेगळे सांगायला नको. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींवर इंग्रजी राजवटीने जन्मानेच गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. तो कायदा १९५२ मध्ये गेला, पण चोरी झाली की आजही पहिली धाड पारध्यांच्या पालावर पडते. जन्माने मिळालेल्या गोष्टीवरून संशय घेण्याची ही सवय आता संगणकाच्या हाती देऊ नये, असे माझे ठाम मत आहे. शांघायमधील दोन संशोधकांनी २०१६ मध्ये छायाचित्रावरून गुन्हेगार ओळखण्याचा दावा केला, तेव्हा टीकाकारांनी दाखवून दिले की निर्दोष लोकांच्या छायाचित्रांत गालावर हलके हसू आणि अंगात कॉलरचा सदरा होता; यंत्राने ओळखला तो हाच फरक असावा. अशा चेहरा वाचणाऱ्या यंत्रणा पोलिसांना, शाळांना किंवा नोकरी देणाऱ्यांना कोणी विकू लागला, तर किती निरपराधांना ती यंत्रणा धोकादायक ठरवते, याचा लेखी हिशेब आधी मागितला गेला पाहिजे आणि तो मिळेपर्यंत खरेदी थांबवली पाहिजे.